तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रातला किडा नवीन आहे हे कळतं कसं?

मी समुद्री किड्यांच्या प्रजाती ओळखायचं काम करतो असं सांगितलं की आधी "समुद्रात किडे असतात?" आणि मग लगेच "हा नवीन आहे हे कशावरून ठरवता?" हे दोन प्रश्न ठरलेले, तर एकदाच लिहून टाकतो.

असतात, पण अगदी मोजके. कीटकांच्या दहा लाखांवर प्रजातींना नावं मिळालीयेत, त्यातल्या किनारा सोडून भर समुद्रात जन्म काढणाऱ्या फक्त ५, आणि पाचही हॅलोबेटीस या एकाच वंशातल्या. तळ्याच्या पाण्यावर लांब पायांनी सरसर घसरत जाणारे किडे असतात ना, त्यांच्याच कुळातले हे. पंख नाहीत, अंग जेमतेम ४-५ मिलिमीटर. रुरिक या रशियन जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या एश्शोल्ट्झ या निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्येच या वंशाला नाव दिलं.

आता ओळखायचं कसं, तर जाळ्यात पिल्लं येतात, माद्या येतात, पण प्रजात पक्की करायला बहुतेक वेळा नरच लागतो. त्याच्या पोटाच्या टोकाशी दोन बारीक काटे असतात, ते डावीउजवीकडे सारखे आहेत की एक जरा वाकडा, किती लांब, टोक कुठे वळलंय, हे मायक्रोस्कोपखाली सुईने नमुना फिरवत बघत बसायचं आणि ज्यावरून प्रजातीला नाव दिलं त्या म्युझियममधल्या मूळ नमुन्याशी ताडून बघायचं. मान अवघडते, दुसरं काय.

आणि एखादी प्रजात "दुर्मिळ" आहे असं म्हणतात ना, ते प्रकरण. दिवसा या किड्यांना जाळं दिसतं आणि ते सटकतात, रात्री ओढलं की जास्त मिळतात, त्यामुळे कोणी दुर्मिळ म्हटलं की मी आधी जाळं कधी टाकलं होतं ते विचारतो!

सगळ्यात वैताग पोंटोमियाचा. ही भर समुद्रातली नाही, किनाऱ्यालगतची समुद्री माशी, पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांहून आलेल्या नमुन्यांवरून १९२६ मध्ये एडवर्ड्स या कीटकतज्ज्ञाने वर्णन केलेली. नर पाण्यावर भिरभिरतो, मादी मात्र अळीसारखी, पंख नाहीत, पाय नावापुरते, आणि प्रौढ झाल्यावर दोघांच्या हातात जेमतेम काही तास. मादी एकटी सापडली तर कुठल्या नराची हे नुसतं बघून कसं सांगणार? हल्ली डीएनए काढून जोड्या जुळवता येतात, मोठीच सोय झाली, पण नवीन प्रजातीचं वर्णन छापायचं तर नराचे बारकावे कोणीतरी बसून काढावेच लागतात.