‘टाइम’ला वळसा घालून दिलेली डेल्फ

पुण्यात फ्रेंच शिकताना, डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या बी-1 पातळीची तयारी करताना मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर ‘टाइम’ या इंग्रजी शब्दानं. वाक्य आधी इंग्रजीत जुळवायचं आणि मग त्याचं फ्रेंच करायचं, ही वर्गातल्या बहुतेकांची सवय. पण इंग्रजीतल्या एका टाइमला फ्रेंचमध्ये फाटेच फाटे. वेळ नाही म्हणायचं तर ‘ताँ’, किती वाजले विचारायचं तर ‘अर’, एकदा-दोनदा म्हणायचं तर ‘फ्वा’, पेशवाईचा काळ म्हणायचा तर ‘एपॉक’, वेळ मजेत गेला तर ‘मोमाँ’. तीन चोक बारासुद्धा ‘त्र्वा फ्वा कात्र’!

शेवटी वहीतला इंग्रजीचा रकानाच काढून टाकला आणि तिथे मराठी लिहायला लागले. बरीचशी गाठ तिथेच सुटली. ठरल्या वेळेवर पोहोचलो तर ‘आ लर’, उशीर व्हायच्या आत वेळेत पोहोचलो तर ‘आ ताँ’. वेळेवर आणि वेळेत हा फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. ‘ताँ’चा अर्थ हवामान असाही होतो, त्याला वर्गात सगळे हसले. पण आपल्या पावसाळा-हिवाळ्यात तरी काळच लपलेला आहे की! व्याकरणातल्या काळालाही फ्रेंच लोक ‘ताँ’च म्हणतात. ‘अर’ तर लांबचा नातेवाईकच निघाला: आपल्या ज्योतिषातली ‘होरा’ आणि हा फ्रेंच तास, दोघांचं मूळ एकाच ग्रीक शब्दात. (वराहमिहिरानं मात्र ‘अहोरात्र’चं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाली, अशी व्युत्पत्ती नोंदवली आहे. कल्पना झकास आहे, पण मला ग्रीक मूळच पटतं.)

सगळ्यात जास्त फायदा झाला तो लेखनाला. बी-1 ला 45 मिनिटांत किमान 160 शब्द लिहायचे असतात, आणि विषय बऱ्याचदा स्वतःचा अनुभव सांगण्याचा. म्हणजे भूतकाळ आलाच, आणि तो फ्रेंचमध्ये दोन तऱ्हांचा: अँपार्फे (नेहमी घडायचं ते) आणि पासे काँपोझे (एकदा घडून गेलं ते). नियम पाठ करून माझ्या डोक्यात काही राहीना. मग मराठीत म्हणून पाहिलं: ‘त्या काळी आम्ही चाळीत राहायचो’, ‘एकदा मी आजीबरोबर पंढरपूरला गेले’. ‘राहायचो’ आलं की एपॉक आणि अँपार्फे, ‘गेले’ आलं की फ्वा आणि पासे काँपोझे. दर वेळी इतकं चपखल बसतं असं नाही, पण परीक्षेत घड्याळाकडे बघत लिहिताना एवढा आधार पुष्कळ होतो. परीक्षेचे चार भाग, प्रत्येकी 25 गुण; एकूण 50 हवेत आणि एकाही भागात 5 च्या खाली जायचं नाही. लेखनानं मला उचलून धरलं आणि मी पास झाले.

ऐकण्याच्या भागात मात्र मराठीचा काडीचा उपयोग नाही. तिथे ‘अर’ सुटा येतच नाही, आधीच्या आकड्याला चिकटून येतो. दोन वाजले की ‘द-झर’, तीनला ‘त्र्वा-झर’, आणि नऊचा ‘नफ’ अचानक ‘न-व्हर’ होतो. त्यासाठी मी फ्रान्समधल्या रेल्वे स्टेशनांवरच्या घोषणा शोधून काढल्या आणि पोळ्या लाटताना त्याच ऐकत राहिले. ल्योंची गाडी किती वाजता सुटते, हे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे.