तक्ता भिंतीवर, बाटली ट्रॉलीवर

बाबांच्या स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली आणि व्हिपलचं ऑपरेशन झालं, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढून उरलेला भाग आतड्याला जोडतात ते. सर्जनबद्दल एक अक्षर बोलणार नाही, देवमाणूस. माझं डोकं अजून तापतं ते एका बाटलीवरून.

भरती होतानाच 'इरास'चा, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट लवकर सावरावा म्हणून कुठल्या दिवशी काय करायचं याचा, छापील तक्ता मिळाला होता. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या विचारातून आलेली ही पद्धत: उपास कमी, नळ्या लवकर काढायच्या, पेशंटला लवकर चालवायचं. आमच्या तक्त्यात तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर पिशवीत आणणाऱ्या नळीच्या, पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या पाचक रसातला घटक) तपासायचं होतं. रक्तातल्या नॉर्मलच्या वरच्या आकड्याच्या तिपटीहून जास्त आलं तर जोडणी गळतेय की काय बघायचं, नाहीतर ड्रेन काढायचा.

ऑपरेशन बुधवारी. म्हणजे तिसरा दिवस नेमका शनिवार!

सकाळी सातला सॅम्पल घेतलं. दुपारी विचारलं, "येईल." संध्याकाळी विचारलं, "लॅबला विचारा." लॅब म्हणाली, आलंच नाही. शेवटी मावशींनी दाखवलं: बाटली ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर, स्पिरिटच्या मागे. फॉर्मवर 'रक्त' असं लिहिलेलं, म्हणून लॅबने परत पाठवलेली. सिस्टर म्हणाल्या, "दादा, माझी ड्यूटी आत्ता लागली." रविवारी सर नाहीत. सोमवारी पुन्हा सॅम्पल. दोन दिवस बाबा पोटाला लोंबणारी पिशवी एका हातात धरून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते, भिंतीवरच्या त्याच तक्त्यासमोरून. रिपोर्ट एकदम व्यवस्थित आला.

तेव्हा सॅम्पल घेतलं की फॉर्मवर 'ड्रेन फ्लुइड' लिहिलंय ना, हे स्वतः बघा. लाजू नका.

फुप्फुसांच्या व्यायामाचं, श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं यंत्र ऑपरेशनच्या आधीपासूनच रोज वापरा, नंतर टाके ओढतात तेव्हा शिकणं अवघड. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. आदल्या रात्री शेजारच्या खाटेवरचे काका "बारानंतर पाण्याचा थेंब नाही" म्हणून घाबरवत होते. आम्हाला भुलेच्या डॉक्टरांनी दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालेल असं सांगितलं होतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा, काकांना नको.

ड्रेन निघाला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "चला, लुंगी नीट नेसता येईल."

आणि हो, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटाच्या कातडीखाली घ्यायची इंजेक्शनं घरी आल्यावरही होती, एकूण २८ दिवस. सुई टोचायला वॉर्डातच शिकून घ्या, घरी माझा हात थरथरत होता.