तिरप्या उन्हात दिसलेलं बेट

आमची बोट एक दिवस उशिरा सुटली. आदल्या दिवशी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अलापूल बंदरात वाऱ्याने असं थैमान घातलं होतं की फेऱ्याच रद्द झाल्या. ताई आणि मी गेस्टहाउसच्या खिडकीशी बसून काळ्या पाण्यावर फुटणारा फेस बघत राहिलो. तिथल्या बाईंनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "हिवाळ्यात बेटावर जायचं तर एक दिवस समुद्राच्या नावाने बाजूला काढून ठेवावा." दुसऱ्या दिवशी वारा पडला. मिंचची सामुद्रधुनी ओलांडायला पावणेतीन तास लागले. दुपारी बेटावरच्या स्टॉर्नोवे बंदरात उतरलो, सामान टाकलं, दोन घास खाल्ले आणि बाहेर आलो तर चार वाजले होते आणि काळोख पडू लागला होता.

लुईस आणि हॅरिस ही नावं दोन असली तरी बेट एकच. ब्रिटन आणि आयर्लंड ही दोन मोठी बेटं सोडली तर त्या भागातलं हे सर्वांत मोठं, सुमारे २,२०० चौरस किलोमीटरचं. उत्तरेकडचा सपाट, पाणथळ भाग म्हणजे लुईस आणि दक्षिणेकडचा डोंगराळ भाग म्हणजे हॅरिस. हे बेट ज्या द्वीपसमूहात येतं त्या आउटर हेब्रिडीजची सगळी बेटं मिळून माणसं सुमारे २६,०००, आणि त्यांतल्या हॅरिसमध्ये दोन हजारांहूनही कमी. उन्हाळ्यात इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि पर्यटकही तेव्हाच येतात. आम्ही मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. ताईला सुट्टी तेव्हाच होती हे खरं, पण आता मला कुणी विचारलं तर मी हिवाळ्यातच जा असं सांगेन. याचं कारण तिथला सूर्य.

तो सकाळी सव्वानऊच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीन-पावणेचारला मावळतो. ऐन मध्यान्हीलाही क्षितिजाच्या जेमतेम नऊ अंश वर येतो. म्हणजे दिवसभर ऊन जमिनीला घासत जातं. गवताच्या एकेका काडीची सावली हातभर लांब पडते. उभ्या उन्हात सपाट वाटणारी जमीन अशा उन्हात सगळे उंचवटे आणि खळगे दाखवू लागते.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने दक्षिणेला निघालो. लुईसचा माळ संपता संपत नाही. झाड औषधालाही नाही. तपकिरी गवत, मधूनमधून काळी डबकी आणि पीट काढलेले चर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून, दबून तयार झालेली काळी माती. उन्हाळ्यात तिच्या विटा कापायच्या, वाळवायच्या, घराशेजारी रचायच्या आणि हिवाळाभर जाळायच्या. त्या धुराला गोडसर, मातकट वास असतो. एखादं घर दिसायच्या आधी बऱ्याचदा तो वासच येऊन सांगायचा की पुढे वस्ती आहे. थंडी माझ्या अपेक्षेपेक्षा कमी होती. अटलांटिकचा उबदार प्रवाह जवळून जातो, त्यामुळे सखल भागात बर्फ फारसा टिकत नाही. खरा त्रास वाऱ्याचा. गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागत होतं. हॅरिस जवळ आलं तसे डोंगर उठू लागले. ७९९ मीटरचा क्लिशम हा त्यांतला सर्वांत उंच. तेवढ्याच्याच माथ्यावर बर्फ होता.

टार्बर्ट गावाच्या पुढे आम्ही पूर्व किनाऱ्याचा रस्ता धरला. हा भाग 'बेज' म्हणून ओळखला जातो. एकेरी, वळणावळणाचा रस्ता, ठरावीक अंतरावर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी कडेला रुंद केलेली जागा. वाट दिली की समोरचा हात वर करणार, आपणही करायचा. हा रस्ता बांधायला एवढा खर्च आला की त्याला 'गोल्डन रोड' म्हणू लागले असं सांगतात. दोन्ही बाजूंना नुसता राखाडी खडक. हा लुईशियन नाइस, काही ठिकाणी सुमारे तीन अब्ज वर्षं जुना. माती अशी नाहीच. खडकाच्या बेचक्यात ओंजळभर, तीही पाण्याने थबथबलेली.

आणि तिथेच ताईने गाडी थांबवली. "ते बघ, सरी-वरंबे!"

मी बघितलं आणि बघतच राहिले. समोरच्या उतारावर, खडकांच्या मधे, समांतर पट्टे होते. पाच-सहा इकडे, चार तिकडे, काही तर एखाद्या खोलीएवढ्या तुकड्यात बसवलेले. गवत सगळीकडे सारखंच होतं. पण सूर्य समोरून तिरपा येत होता, त्यामुळे प्रत्येक वरंब्याची एक कड उजळलेली आणि प्रत्येक सरी काळी. मग डोळा बसला. जिकडे बघावं तिकडे तेच. पार डोंगराच्या खांद्यापर्यंत, समुद्राच्या काठापर्यंत, शेळीसुद्धा जपून पाऊल टाकेल अशा उतारांवर. ज्या मुलखाला आम्ही सकाळपासून निर्मनुष्य म्हणत होतो, तो सगळा कुणीतरी हाताने खणलेला होता.

त्याचा उलगडा एका विणकराकडे झाला. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराची एक शेड होती आणि आतून खटाखट आवाज येत होता. हॅरिस ट्वीड या कापडाला १९९३ च्या ब्रिटिश कायद्याचं संरक्षण आहे. लोकर याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, कापड बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं हवं, तरच ते हॅरिस ट्वीड. या आजोबांचा माग विजेवर नाही, पायांवर चालायचा. सायकलसारखे पायडल मारत ते बसले होते. आम्हाला पाहून थांबले, कांडीवरून बोटभर सूत तोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, "रंग कोणता?"

"तपकिरी," मी म्हणाले.

"आता पीळ सोड."

मी चिमटीत धरून पीळ सोडला. आत केशरी तंतू होते, पिवळे होते, शेवाळी होते, एक-दोन तर चक्क जांभळे. लोकर आधी रंगवतात, मग निरनिराळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजून तिचं सूत काततात. म्हणून लांबून एकच वाटणाऱ्या रंगात जवळून इतके रंग निघतात. दारातून दिसणाऱ्या डोंगराकडे त्यांनी नुसतं बोट केलं. सकाळपासून आम्ही त्या डोंगरालाही तपकिरीच म्हणत होतो.

सरी-वरंब्यांबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्यांनी मागावरून पाय काढून घेतले आणि सावकाश सांगितलं. हॅरिसची चांगली जमीन पश्चिमेला आहे. वारा तिथे शंखशिंपल्यांची वाळू आत आणतो आणि तिच्यावर गवताचं सुपीक मैदान तयार होतं, त्याला गेलिक भाषेत 'माखर' म्हणतात. पिढ्यान्पिढ्या लोक तिथेच राहत होते. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात जमीनदारांना तिथे मेंढ्यांची मोठी कुरणं हवी झाली आणि गावंच्या गावं उठवली गेली. कित्येक जण जहाजाने कायमचे परदेशी गेले. उरलेल्यांना या पूर्वेच्या खडकांवर जागा मिळाली. शेत नव्हतं, म्हणून त्यांनी ते तयार केलं. बायकांनी समुद्रशेवाळ टोपल्यांत भरून पाठीवरून चढवलं, ते खडकावर अंथरलं, खरवडून आणलेली माती वर टाकली, पाण्याला जायला मधे चर ठेवले आणि त्या वरंब्यांवर बटाटे आणि बार्ली पिकवली. इंग्रजीत या वाफ्यांना जे नाव पडलं आहे त्याचा अर्थ 'आळशी वाफे' असा होतो. मला त्या शब्दाचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ओल्या शेवाळाची टोपली पाठीवर घेऊन तो उतार चढणाऱ्या बाईला आळशी कसं म्हणवतं?

"पिकापुरती माती कशीबशी जमली," आजोबा म्हणाले, "पुरण्यापुरती नाही जमली." पूर्वेच्या खडकात थडगं खणता येत नव्हतं. म्हणून माणूस गेला की पेटी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडायचा आणि पश्चिमेच्या वाळूत नेऊन पुरायचं. ती वाट अजून आहे. खांदेकरी जिथे दम घ्यायला टेकत तिथे दगड रचून ठेवत. जिथून हाकलून दिलं, तिथे परत जायची परवानगी मेल्यावरच.

दुपारी आम्ही पश्चिमेच्या लस्कनटायर किनाऱ्यावर पोचलो. याच्या पांढऱ्या वाळूचे आणि निळ्या-हिरव्या पाण्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि ते खोटे नाहीत, डिसेंबरातही पाणी त्याच रंगाचं होतं. भरती ओसरलेली होती. अर्धा-पाऊण मैल ओली वाळू, तिच्यावर गुलाबी आकाश, पलीकडे टॅरन्से बेट. त्यावरही आता कायमची वस्ती नाही. अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही दोघीच होतो. पण सकाळी जे ऐकलं होतं ते डोक्यातून जाईना. किनाऱ्याला लागूनच कब्रस्तान आहे. आम्ही कुंपणाशी थांबलो. कुणाच्या थडग्यावर चालल्यासारखं होऊ नये म्हणून आत गेलो नाही.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. पश्चिम हॅरिसची ही जमीन २०१० मध्ये तिथल्या रहिवाशांच्या ट्रस्टने विकत घेतली. उत्तर हॅरिसच्या लोकांनी तर त्याआधीच, २००३ मध्ये, आपला डोंगराळ मुलूख घेतला होता. परतताना रस्त्याच्या कडेला नवी घरं दिसली. त्यांतल्या एका दारापुढे लहान मुलाची तीनचाकी सायकल वाऱ्याने आडवी पडली होती. ती पाहून फार बरं वाटलं.

मधला रविवार गेला तो जवळजवळ घरातच. लुईसमध्ये रविवार अजून कडकपणे पाळतात. स्टॉर्नोवेहून रविवारी बोट सुटायला २००९ साल उजाडावं लागलं. आदल्या दिवशीच दूध-ब्रेड आणून ठेवा, असं यजमानांनी बजावलं होतं. सोमवारी कॅलनिशचे पाषाण पाहिले. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उभे केलेले आणि हळूहळू पीटमध्ये बुडत गेलेले. १८५७ मध्ये तिथला पीट काढला तेव्हा दीड मीटरभर दगड नव्याने उघडे पडले. त्या पाषाणांवरही तेच तिरपं ऊन, दगडातली एकेक शीर दिसत होती.

नव्या वर्षाच्या सकाळी मात्र आम्ही ठरवून होमच्या टोकावर गेलो. स्टॉर्नोवेपासून जवळच आहे, गवतातून पायवाट जाते. पहिलं महायुद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या खलाशांना घेऊन 'आयोलेअर' नावाची बोट ३१ डिसेंबर १९१८ च्या रात्री निघाली. चार वर्षं युद्धात तगलेली माणसं. घरोघरी चुली पेटलेल्या, कोरडे कपडे काढून ठेवलेले. बंदराचे दिवे दिसत असताना १ जानेवारीच्या पहाटे, काळोखात आणि वादळात, बोट इथल्या खडकांवर आदळली. २०१ जण गेले, बहुतेक सगळे याच बेटाचे. नेस गावचे जॉन एफ. मॅक्लाउड दोर घेऊन लाटांतून किनाऱ्याला पोचले आणि त्या दोराच्या आधाराने सुमारे ४० जण वाचले. त्यानंतर १९२३ च्या एप्रिलमध्ये 'मेटागामा' जहाज स्टॉर्नोवेहून सुमारे ३०० तरुणांना घेऊन कॅनडाला गेलं. घरांतून 'आयोलेअर'च्या त्या रात्रीबद्दल कित्येक वर्षं कुणी बोलतही नसे.

स्मारकापाशी आणखी पाच-सहा माणसं आलेली होती. कुणी काही बोललं नाही. एका मध्यमवयीन माणसाने हातमोजा काढून दगडाला हात लावला आणि मोजा तसाच हातात धरून परत गेला.

दोन तारखेला दुपारी दोनची बोट होती. वारा होता, तरी आम्ही डेकवर उभ्या राहिलो. बंदरातून बाहेर पडताना डाव्या हाताला होमचं टोक येतं. पाण्यात खडकावर खुणेचा खांब, मागे काळपट किनारा. सूर्य उतरायला लागला होता आणि खडक, पाणी, किनाऱ्यावरचं गवत सगळं स्पष्ट दिसत होतं. ताईने डोळ्यांवर हात धरून अंदाज घेतला.

"बोट आदळली तिथून किनारा वीस यार्ड म्हणतात ना गं?"

"हो."

"त्याहून कमी वाटतंय," ती म्हणाली.