‘पिक अप’ म्हणजे उचलणे, एवढ्यावर भागत नाही

आयईएल्ट्सचा (परदेशी जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा) फॉर्म, फी, पासपोर्ट, मुंबईचं सेंटर, सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते क्लासच्या एका झेरॉक्सवर. रत्नागिरीतल्या त्या क्लासने (नाव लिहीत नाही) फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे ‘अप’सारखा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ घेणाऱ्या क्रियापदांची, यादी हातात दिली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एकेकच मराठी अर्थ. ‘पिक अप : उचलणे’. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, “पाठ करा.” मला त्याचा राग अजून आहे. समजावून सांगायचेच तर पैसे घेतले होते.

फोन उचलणे, आंब्याची पेटी उचलणे, इथवर ठीक. ‘शी पिक्ड अप मालवणी’ हेही बसतं. शिकवणी न लावता, नुसतं ऐकून आलेली भाषा. मुलं भाषा पटकन उचलतात असं आपणही म्हणतोच.

मग सराव परीक्षेत आलं, ‘द विंड पिक्ड अप’. वारा काय उचलणार? सरांनी पुन्हा यादीकडेच बोट दाखवलं. संध्याकाळी मिरकरवाड्याला, मासेमारी बंदरापाशी, काकांकडे गेलो होतो, तिथे त्यांच्या तोंडून सहज आलं, “वाऱ्यान जोर धरलान.” हेच ते! वारा जोर धरतो तसा धंदाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ऑगस्टात होड्या बाहेर पडल्या की ‘बिझनेस पिक्स अप’. खूण अशी, की इथे पुढे कर्म नाही. कोण काय उचलतंय हे वाक्यात सापडत नसेल, तर वाढणं, सुधारणं, जोर धरणं असा अर्थ लावून बघा.

कर्म असलं तरी बिलापाशी जपून. आपल्याकडे ठेकेदार बिल उचलतो म्हणजे पैसे त्याच्या खिशात येतात. इंग्रजीत ‘ही पिक्ड अप द बिल’ म्हणजे त्याने स्वतःच्या खिशातून भरले. नेमकं उलटं. यादी पाठ करणाऱ्याला हे कळणार कसं?

स्टेशनवर कुणाला घ्यायला जायचं असेल तर ‘आय विल पिक यू अप’. ‘यू’, ‘इट’, ‘देम’ कायम मध्ये, ‘पिक अप इट’ चुकीचं. ‘बॉक्स’सारखं नाम मात्र मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालतं.

स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात तयारीला 1 मिनिट मिळतं आणि मग 2 मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. मी बंदराविषयी बोललो आणि ‘द विंड पिक्ड अप’ न अडखळता वापरलं. फार बरं वाटलं. औपचारिक लिखाणात मात्र ‘इन्क्रीज’, ‘इम्प्रूव्ह’ बरे.

लिसनिंगचं राहिलंच. रेकॉर्डिंग एकदाच लागतं आणि त्यात ‘पिक्ड अप’ असं सुटं ऐकू येत नाही, ‘पिक्टप’ असं जोडून येतं. कान त्याला आधीच सरावलेला हवा.