दादाचं बीपी आणि उभं राहून मोजायची गोष्ट

दवाखान्यात दादाचं बीपी कायम नॉर्मल यायचं, कारण तिथे खुर्चीत बसवूनच मोजतात. आणि घरी हाच माणूस सकाळी बेडवरून उठून बाथरूमपर्यंत जाईस्तोवर भिंत धरायचा, डोळ्यापुढे अंधारी यायची, मान आणि खांदे भरून यायचे, परत आडवा झाला की दोन मिनिटांत सगळं ठीक. नातेवाईकांचं ठरलेलं, अशक्तपणा आहे, खजूर खा, बीट खा.

शेवटी न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी त्याला आडवं झोपवलं, पाच मिनिटांनी बीपी घेतलं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला परत. झोपून वरचा आकडा १३८, उभं राहून ९२!! तीन मिनिटांत वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तरी त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. पण मॅडमचं लक्ष नाडीकडे होतं, ती जेमतेम चार-पाचने वाढली. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर नाडी धावते, इथे बीपी एवढं कोसळूनही नाडी ढिम्म म्हणजे नसाच, रक्ताच्या नव्हे तर मेंदूचे निरोप नेणाऱ्या, काम करत नाहीयेत.

आपण उभं राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली पोटात आणि पायांत उतरतं, मानेतल्या धमनीला ते लगेच कळतं, नसा नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचं रसायन सोडून रक्तवाहिन्या आवळतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. दादाच्या ह्याच बारीक नसा गेल्यात, आणि कारण घराण्यातलं निघालं. लिव्हर ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रोटीन बनवतं, जीनमधे दोष असला की ते विस्कटतं आणि नसांमधे, हृदयात साचत जातं, ह्या आजाराला ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस म्हणतात. पोर्तुगालमधे पोर्तोजवळच्या पोव्होआ द वार्झिम ह्या कोळ्यांच्या गावातल्या लोकांमधे डॉ. कोरिनो आंद्राद ह्यांनी हा आजार ओळखला, १९५२ मधे त्यावर पेपर लिहिला. उत्तर स्वीडनमधे आणि जपानमधेही अशी घराणी आहेत. आमच्या अप्पांचे पाय बधिर झाले होते, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, वजन निम्म्यावर आलं, आणि शुगर नसताना सगळे शुगर-शुगर करत राहिले. ते गेले, आजाराला नाव न मिळताच. आई-वडलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता, म्हणजे मलाही. माझी जीन टेस्ट व्हायची आहे.

आता मिठाचं. आपल्याकडे बीपी म्हटलं की आधी मीठ बंद, वहिनीनेही केलं होतं, लोणचं-पापड सगळं. ह्यात उलट असतं, मिठाने फायदा होऊ शकतो, पण ह्याच आजारात हृदयही आखडतं म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघून डॉक्टरच ठरवतात, मनाने वाढवू नका प्लीज. पाणी मात्र दादाला मानवलं. उठायच्या आधी बेडवरच बसून दोन मोठे ग्लास गटागट, थोडा वेळ थांबायचं, मग पाय खाली. पोटपट्टा बांधतो, नुसत्या मोज्यांपेक्षा त्याने जास्त फरक पडला. दुपारी भाताचं भरपेट जेवण बंद, कारण जेवल्यावर रक्त पोटाकडे जातं आणि बीपी अजून उतरतं, आता थोडं थोडं चारदा खातो. आणि झोपल्यावर बीपी वर जातं म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू लाकडी ठोकळ्यांवर उचललीय, बीपी वाढवणारी मिडोड्रिनची गोळी झोपायच्या चार तास आधीच संपवायची, त्यानंतर नाही.

हे सगळं बीपी सावरायला. मूळ आजाराची गती कमी करणारी औषधंही आहेत, टाफामिडिस, पॅटिसिरान, महाग आहेत पण नसा शिल्लक असताना सुरू झाली तर उपयोग, म्हणूनच लवकर ओळखणं एवढं महत्त्वाचं.

घरात कुणाला उठल्यावर गरगरत असेल, सोबत पाय बधिर, पोटाच्या तक्रारी, दोन्ही हातांचं कार्पल टनेल, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करायचं, ऑपरेशन झालेलं, घराण्यात असंच कुणी, तर घरच्या मशीनवर झोपून आणि उभं राहून बीपी आणि नाडी लिहून काढा. उभं करताना शेजारी माणूस हवाच. आणि तो कागद नेताना चालू गोळ्यांची चिठ्ठीपण न्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीसुद्धा बीपी असंच उतरतं.