ताकेरूच्या फ्लॉप्या, लॉग ६ : उरलेले तीन सेक्टर

मागच्या लॉगच्या शेवटी मी फुशारकी मारली होती की सेलेक्टेड सोर्सेरियन या जुन्या जपानी गेमची एक तरी डिस्क हातात पडल्याशिवाय पुढचं लिहिणार नाही. साडेसात महिने गप्प बसावं लागलं. आता एक नाही, दोन मिळाल्यात, दोन्ही तिसऱ्याच भागाच्या, आणि दोन्ही आजारी.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. ताकेरू म्हणजे गेम विकणारं मशीन. नागोयाच्या ब्रदर कंपनीनं, हो, शिलाई मशीनवाल्या ब्रदरनंच, १९८६ मध्ये ते दुकानांत ठेवायला सुरुवात केली. नाव जपानी पुराणकथांतल्या यामातो ताकेरूवरून. त्या काळी जपानमध्ये कॉम्प्युटर एका जातीचा नव्हता. एनईसीचे पीसी-८८ आणि पीसी-९८, शार्पचा एक्स१, फुजित्सूचा एफएम-७, शिवाय एमएसएक्स. एकाच गेमच्या पाच आवृत्त्या, त्यातल्या तीन दुकानदाराच्या फळीवर धूळ खात. ताकेरूनं फळीच काढून टाकली. पैसे टाकायचे, पडद्यावर गेम निवडायचा, मशीन कोऱ्या डिस्कवर तो लिहून देणार आणि माहितीपत्रकही तिथंच छापून हातात ठेवणार. गेमचा माल यायचा टेलिफोनच्या तारेवरून. पुढं पुढं हौशी लोकांनी घरी बनवलेले दोजिन गेम आणि बाजारातून उठलेले जुने गेमही त्यावर मिळायचे. १९९७ मध्ये हे सगळं बंद झालं. त्यातून शिकलेलं नेटवर्कचं काम मात्र ब्रदरच्या जॉयसाउंड कराओकेत जिरलं. म्हणजे शनिवारी रात्री ऑफिसातली मंडळी जिथं बेसूर गातात, त्या यंत्राच्या पूर्वजानं गेम विकलेत.

आणि सेलेक्टेड सोर्सेरियन? फाल्कॉम कंपनीचा सोर्सेरियन डिसेंबर १९८७ मध्ये पीसी-८८०१ वर, म्हणजे पीसी-८८ वर, आला. त्यात मूळ खेळ वेगळा आणि मोहिमा वेगळ्या, अशी रचना होती, त्यामुळे नंतर नव्या मोहिमांच्या डिस्क निघत राहिल्या. सेलेक्टेडचे पाच भाग ताकेरूवरून विकले गेले. कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलेली प्रत हा प्रकार त्यांच्या बाबतीत नाहीच. शोधणाऱ्याची पंचाईत इथंच होते. खोकं नाही, रंगीत चित्र नाही, म्हणून घर आवरणाऱ्या माणसाला ती वापरलेली साधी फ्लॉपी वाटते. वडिलांच्या कपाटातून निघालेला गठ्ठा तो तसाच "मातोमे", म्हणजे घाऊक, म्हणून लिलावात टाकतो. खाली ठरलेली वाक्यं: जंक, दोसा मिकाकुनिन, नो क्लेम नो रिटर्न. चालतं का पाहिलं नाही, तक्रार करू नका, परत घेणार नाही. आमच्या गावच्या आठवडी बाजारात बैल विकताना दलाल याहून जास्त बोलायचा.

त्यामुळे गेमच्या नावानं शोधणं मी सोडून दिलंय. "पाच इंची डिस्क घाऊक" एवढंच टाकायचं आणि फोटो मोठा करून लेबलं वाचायची. पहिली डिस्क मात्र लिलावात नाही, टोकियोतल्या अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातच मिळाली. निशी-कासाईहून तोझाई लाईन, कायाबाचोला उतरून हिबिया लाईन, हा माझा दर दुसऱ्या शनिवारचा रस्ता. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर उघड्या फ्लॉप्यांचं खोकं असतं. त्यात वर्ड प्रोसेसरच्या डिस्कांमध्ये हिचा कोपरा दिसला. लेबल अर्धं सोललेलं, ताकेरूच्या रोमन अक्षरांतलं शेवटचं यू फाटलेलं. किंमत ३०० येन. काउंटरवरच्या आजोबांनी ती दिव्यासमोर धरली, खिडकीतून दिसणारी तबकडी बोटानं थोडी फिरवली आणि "काबी" म्हणून माझ्याकडे दयेनं पाहिलं.

काबी म्हणजे बुरशी. जपानचा जून-जुलै आपल्या कोकणासारखाच दमट. रत्नागिरीच्या घरात पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर जी पांढरी लव येते ना, तीच तबकडीवर, गोल गोल ठिपक्यांनी. अशी डिस्क कौतुकानं थेट ड्राइव्हमध्ये घातलीत तर दोन नुकसानं होतात. ड्राइव्हचं वाचणारं हेड बुरशीबरोबर चुंबकी लेपही खरवडतं, आणि तो चिखल हेडला चिकटून पुढची चांगली डिस्कही मारतो. मी दुसऱ्या लॉगमध्ये हे करून बसलोय. एक्स१ चा एक गेम गेला, त्याबद्दल पुन्हा लिहायची इच्छा नाही.

आताची पद्धत: वेष्टनाची वरची कड धारदार पात्यानं उघडायची, तबकडी बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडानं मधून बाहेरच्या दिशेनं हलकं पुसायचं. गोल गोल घासायचं नाही. गोल ओरखडा एकाच ट्रॅकच्या, म्हणजे तबकडीवरच्या एका वर्तुळाच्या, लांबीवर जातो आणि ट्रॅक संपतो, आडवा ओरखडा प्रत्येक ट्रॅकचा चिमूटभर खातो. मग कापलेल्या एका कोऱ्या डिस्कच्या स्वच्छ वेष्टनात ती सरकवायची. बायको म्हणाली, पापड वाळत घातल्यासारखं काय मांडलंयस. खरंच तसंच दिसत होतं.

वाचायला माझ्याकडे ग्रीझवीझल, म्हणजे जुना ड्राइव्ह आजच्या कॉम्प्युटरला जोडणारा छोटा बोर्ड, आणि १.२ एमबीचा टियॅकचा जुना ड्राइव्ह आहे. ग्रीझवीझल फाईल वाचत नाही, सेक्टरही, म्हणजे ट्रॅकचे तुकडेही, वाचत नाही. हेडखाली चुंबकाची दिशा कधी कधी पलटली त्या वेळा नोंदवतो, बस. त्यालाच फ्लक्स म्हणतात. फायदा हा की तबकडी एकदाच फिरवायची आणि अर्थ नंतर निवांत लावायचा. ड्राइव्ह मिनिटाला ३६० फेऱ्यांचा आणि डिस्क ३०० वाली असली तरी हिशेबात ते जुळवता येतं. पीसी-८८ ची टू-डी, म्हणजे दोन बाजूंची, दुप्पट घनतेची, डिस्क ४० ट्रॅकची, माझा ड्राइव्ह ८० चा, म्हणून प्रत्येक वेळी दोन पावलं टाकायला सांगावं लागतं.

हिशेब सोपा आहे. ४० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येकी १६ सेक्टर, म्हणजे १,२८० सेक्टर. प्रत्येकात २५६ बाइट, एकूण ३२० केबी. आज व्हॉट्सॲपवर येणारा "सुप्रभात" चा फोटो याहून मोठा असतो. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी सीआरसीचे दोन बाइट असतात, त्यावरून मजकूर शाबूत आहे का ते कळतं. पहिल्या वाचनात १७ सेक्टर नापास. हेड पुसलं, तबकडी पुन्हा पुसली, पाच-पाच फेऱ्या वाचल्या, तेव्हा १४ सुटले. तीन उरले. ट्रॅक २२, बाजू १, सेक्टर ९, १० आणि ११. शेजारी शेजारी. बॅटरी मारून तिरपं पाहिलं तर तिथं लेपच नाही. जे गेलं ते गेलं, अल्कोहोल काय करणार?

म्हणून दुसरी प्रत शोधणं आलं. ती ऑक्टोबरात २३ फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यात आली, ४,२०० येनला, तीही नागोयाहून, म्हणजे ब्रदरच्या गावाहूनच. बुरशी कमी, पण कुणीतरी ती वाकवली होती. ४१ सेक्टर नापास. पण ट्रॅक २२ ठणठणीत!

इथं मी त्याच रात्री तीन सेक्टर उचलून पहिल्या इमेजमध्ये, म्हणजे डिस्कच्या फाईलरूपातल्या नकलेत, चिकटवणार होतो. हात की-बोर्डवर होता. मग डोक्यात आलं की ही कारखान्याची डिस्क नाही. कारखान्यात एका मूळ प्रतीवरून हजारो डिस्क निघतात, त्यामुळे एकीचा तुकडा दुसरीला लावताना फारशी भीती नसते. ताकेरूची प्रत्येक डिस्क वेगळ्या दिवशी, वेगळ्या दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं असताना लिहिलेली. मधल्या काळात मशीनमधला गेम दुरुस्त झाला असेल तर? लेबल तेच, आतला मजकूर वेगळा. एका आवृत्तीचं धोतर आणि दुसरीचा कोट असा नवरदेव उभा राहिला असता. आणि वाईट म्हणजे तो बहुतेक चाललाही असता, तिसऱ्या तासाला कोसळेपर्यंत.

म्हणून आधी दोन्ही प्रतींत जे सेक्टर शाबूत आहेत ते सगळे एकमेकांशी ताडून पाहिले. १,२८० वजा ३ वजा ४१, म्हणजे १,२३६. एकही बाइट वेगळा निघाला नाही. तेव्हाच तीन सेक्टर हलवले. इमेज डी८८ या फाईल-प्रकारात ठेवलीय, कारण त्यात प्रत्येक सेक्टरला १६ बाइटांचं स्वतःचं शीर्षक असतं, आणि कुठला सेक्टर मुळात नापास होता हेही नोंदवता येतं. कच्च्या फ्लक्स फायली वेगळ्या जपल्यात. ताकेरूच्या डिस्क जोडणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती: जोडलेली इमेज "मूळ प्रत" म्हणून ठेवू नका. सोबत एक साधी मजकूर फाईल टाका, कुठला सेक्टर कुठून आला ते लिहा. वीस वर्षांनी कुणीतरी तिसरी प्रत घेऊन येईल आणि आपल्याला शिव्या घालणार नाही.

चालवणं त्या मानानं सरळ. एम८८ मध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर पीसी-८८ चं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, माझ्याच पीसी-८८०१ एफए वरून काढलेले रॉम, म्हणजे यंत्राच्या चिपमधला कायमचा मजकूर, ड्राइव्ह १ आणि २ मध्ये सोर्सेरियनच्या माझ्या डिस्कांच्या इमेज. पहिल्यांदा मोहिमेला निघताना डिस्क बदला म्हणाला, बदलली, आणि पडदा काळाच राहिला. इमेज बिघडली म्हणून पोटात गोळा. कारण वेगळंच होतं. पीसी-८८ चा डिस्क ड्राइव्ह म्हणजे एक स्वतंत्र कॉम्प्युटरच असतो, त्याचा स्वतःचा झेड८० प्रोसेसर वेगळा. मुख्य झेड८० त्याला फक्त "अमुक आण" म्हणून सांगतो. मी दुसऱ्या एका गेमसाठी मुख्य सीपीयू ८ मेगाहर्ट्झवर ठेवला होता, त्यामुळे साहेब धावत पुढं आणि शिपाई मागं अशी गत झाली. ४ वर आणला, दोघांचा वेग जुळवला, आणि गेम चालला. तुमचा जुना गेम डिस्कपाशी अडकत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी हे एकदा तपासा.

खऱ्या यंत्रावर अजून चालवलेला नाही. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं. जुन्या वापरलेल्या टू-डी डिस्कवर त्यानं लिहिलं की दोन्ही कडांना आधीचा मजकूर शिल्लक राहतो, आणि एफएचं रुंद हेड दोन्ही एकदम वाचून गोंधळतं. एकतर ४० ट्रॅकचा ड्राइव्ह हवा, नाहीतर कधीच न वापरलेली किंवा चुंबकानं पूर्ण पुसलेली डिस्क. दोन्ही शोधतोय.

पुण्याच्या एका मित्रानं विचारलंय की एफए तिकडे नेता येईल का. येईल, पण जपानचा सॉकेट १०० व्होल्टचा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय आपल्या २३० वर जोडलास तर दिवाळी होईल. आणि आधी झाकण उघडून बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी बघ. ती गळली असेल तर हिरवट गंज तांब्याच्या रेघा खात बसलेला असतो. आणि इमेज कुणीच मागू नका, देणार नाही. फाल्कॉमचे बरेच जुने गेम प्रोजेक्ट एग या जुने जपानी गेम विकणाऱ्या सेवेवर अधिकृत मिळतात, तिथून सुरुवात करा.

आता खेळ. सोर्सेरियनमध्ये चौघं जण आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागोमाग चालतात. माझ्या टोळीचा म्होरक्या बाळू. काताकाना या जपानी लिपीत ळ नाही आणि ल पण नाही, म्हणून युजर डिस्कवर, जिथं पात्रं साठवली जातात, त्याचा बारु झालाय. या गेममध्ये मोहीम करून परतलं की वय वाढतं, आणि म्हातारपणी पात्रं मरतात. बारुनं मूळ पंधराच्या पंधरा मोहिमा केल्यात, काही दोनदा. परवा गावात त्याचं वय पाहिलं तर साठीला टेकलाय.

नव्या मोहिमेचं पहिलं दृश्य मी एका कोऱ्या, नव्यानं बनवलेल्या पात्राला पाठवून तपासून घेतलं. चालतं. ट्रॅक २२ चे ते तीन सेक्टर नेमके कुठे लागतात ते अजून कळलेलं नाही, बहुतेक बरंच आत. युजर डिस्कची एक प्रत काढून बाजूला ठेवली आहे. तरी मोहीम नीट करायची तर बारुलाच न्यायचं ठरलंय, शुक्रवारी रात्री, पोरं झोपल्यावर.