वाहाकात दुपारचं जेवण चुकवू नका

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात आम्ही नऊ दिवस राहिलो. पहिले दोन दिवस जेवणाची वेळच जमेना. साडेबाराला फोंद्यात, म्हणजे घरगुती खाणावळीत गेलो तर भांडी अजून चुलीवर. रात्री आठला गेलो तर दार बंद. तिसऱ्या दिवशी आमच्या घरमालकीण आजींनी अडीच वाजता आपल्याच टेबलाशी बसवलं, तेव्हा उलगडा झाला. तिथलं मुख्य जेवण, कोमिदा, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असतं. सकाळी गरम प्यायचं चॉकलेट नि गोड पाव, रात्री हलकंसं काहीतरी. जाणाऱ्यांनी आपला दिवस याच वेळांवर बेतावा.

फोंद्यात 'कोमिदा कोरिदा' मागा, म्हणजे दुपारची ठरलेली थाळी, एकामागून एक येणारी. आधी सूप, मग भात, मग रस्सा किंवा भाजी, सोबत सरबत. भात एकटाच येतो. रश्श्याची वाट पाहू नका, भात आधीच संपवायचा असतो.

पण मला खरं गुंतवलं ते आजींच्या मक्याने. आदल्या संध्याकाळी मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवलेला. किलोला साधारण दहा ग्रॅम चुना. सकाळी साल चोळून धुतली आणि बादली घेऊन आम्ही गल्लीतल्या मोलिनोत गेलो. आपल्या पिठाच्या गिरणीसारखीच रांग, फक्त दळण ओलं. लहानपणापासून मी पाहत आलेय, मक्याची भाकरी थापताना कडेने चिरते. आजींची तोर्तिया, म्हणजे तिथली मक्याची पातळ पोळी, चिरत नव्हती, कारण चुन्याने पिठाला चिकटपणा येतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडून होणारा आजार, झाला. मातीच्या कोमालवर, म्हणजे तव्यावर, तोर्तिया टम्म फुगली तेव्हा मला आमच्याकडचं मांड्यांचं खापर आठवलं. मोलिनोत सकाळी लवकर जा आणि फोटोआधी विचारा.

शाकाहारी असाल तर नीट वाचा. घोटलेल्या घेवड्यात बहुधा डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजतो, त्लायुदावर, म्हणजे मोठ्या कुरकुरीत तोर्तियावर, चरबीचा थर फासतात. नुसतं 'सीन कार्ने' (मांस नको) म्हटलं तर चिकन येऊ शकतं. त्याला जोडून 'सीन पोयो, सीन काल्दो, सीन मान्तेका' (कोंबडी नको, मांसाचं पाणी नको, चरबी नको) असं तिन्ही म्हणा. संत्र्याच्या फोडींवरचं लालसर मीठ अळ्यांची पूड घातलेलं असू शकतं, तेही विचारून घ्या. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली तोर्तिया) आणि निवडुंगाची भाजी यांवर आमचं छान भागलं. काळ्या घेवड्यात अवोकाडोचं पान घालतात, त्याला बडीशेपेसारखा वास येतो. तो घेवडा मी अजून विसरले नाही. तिखटाची भीती नको, साल्सा वेगळा ठेवलेला असतो. पाणी मात्र बाटलीतलंच प्या.

रविवारी त्लाकोलुलाचा आठवडी बाजार गाठा, वाहाकाहून तासाभरावर आहे. सुटे पेसो न्या. तिथे घोळाची भाजी दिसली, लाल अंबाडीचं सरबत मिळालं, आणि 'आलेग्रिया' म्हणून हातात आली ती चक्क राजगिऱ्याची चिक्की. राजगिरा मूळचा तिकडचाच. उपासाला खाताना हे कधी मनातही आलं नव्हतं. जेवणाऱ्या टेबलांजवळून जाताना अनोळखी माणसंही 'प्रोवेचो', म्हणजे 'सावकाश जेवा' अशा अर्थाचं, म्हणतात, तुम्हीही म्हणा.